चौथी परवानगी

मी आठवी नापास माणूस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी मेंदू, स्नायू, परवानग्या असलं काय काय बोलणार आहे. तेव्हा कुणी म्हणायला नको की आप्पासो मगदूम लई शहाणा झाला. मला जे कळलं ते हातानं कळलं. इचलकरंजीत तीस वर्षं मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा वैद्य म्हणा. माग बिघडला की कामगार हात वर करणार, मी जाऊन कान लावणार आणि खटखटीवरनं सांगणार, आडवं सूत नेणारा धोटा कुठं अडतोय ते.

माझी बायको शालन त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. अठ्ठेचाळीस माग एकदम चालले की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात माणसं ओठांवर बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. समोरच्यानं अर्धा शब्द बघायचा, उरलेला मनानं भरायचा. आमचं लग्न असंच ठरलं, दोन मागांच्या मधल्या बोळात, सगळ्यांच्या देखत आणि कुणाला न कळता. पण ही सवय घरात पण येते. शालननं वाक्य सुरू केलं की मी पुरं करणार. ती तापायची. म्हणायची, "माझं मला बोलू द्या की जरा. का आता श्वास पण तुमीच घेताय माज्यावाटचा?"

तर दोन हजार सदतीस साली, संक्रांतीच्या आधी, तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. पाय थोडा सुधारला. वाचा नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की शब्द कुठं गेलेले नाहीत, आतच आहेत. तिला सगळं कळतंय, काय बोलायचं ते पण ठरतंय. शब्दाच्या घरापासनं जिभेपर्यंत यायचा रस्ता तेवढा खचलाय.

आता ती गळपट्टी तुम्हाला माहीत असंल. पोरं बसमध्ये बसून तोंड न उघडता मेसेज लिहितात ती. माणूस मनातल्या मनात बोलला तरी गळ्याच्या स्नायूंना बारीक झटका जातोच. तो झटका पट्टी पकडते आणि त्याचा शब्द करते. धडधाकट माणसाला ती चालते. शालनच्या गळ्यात शब्दाची नुसती सुरुवात यायची. 'पा' यायचं. पाणी का पाय का पातळ, पट्टीला काय कळणार?

ते कळायला काहीतरी जोडायला पाहिजे होतं. माग बंद पडल्यापासनं मी नौशादच्या दुकानात बसत होतो. नौशाद मोमीन, चाळिशीचा गडी, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आमच्या मालकाचा पुतण्या, मला मामा म्हणतो. हल्ली कॉम्प्युटरला तोंडानं सांगितलं तरी तो प्रोग्राम लिहितो, नीट सांगता यायला पाहिजे एवढंच. मी सांगायचो, नौशाद चुका काढायचा. आठ महिन्यांत आम्ही एक एक्स्टेन्शन केलं. एक्स्टेन्शन म्हणजे काय? साध्या मागावर काठाची नक्षी काढायला वरनं डॉबी बसवतात बघा, तसं. माग दुसऱ्याचा, डॉबी आपली. इथं माग म्हणजे ब्राउझर. गॅसचा नंबर, दवाखाना, वीजबिल, दाराची बेल, आता सगळं त्याच्यातच उघडतं.

अर्ध्या झटक्यावरनं पुरा शब्द ओळखायला आमच्या एक्स्टेन्शनला चार परवानग्या लागायच्या. गळपट्टीचे झटके वाचायची पहिली. समोरच्या पानावर काय आहे ते बघायची दुसरी, कारण गॅसचं पान उघडं असलं तर 'सि' म्हणजे सिलिंडर, सिनेमा नव्हे. तिसरी, तिचे जुने बोलके मेसेज ऐकायची, तिची बोलायची ढब आणि आवाज उचलायला. आणि चौथी, घरातल्या माणसांचं बोलणं ऐकून त्यावरनं तिचं पुढचं वाक्य ताडायची. ही चौथी माझ्या डोक्यातली. नौशाद म्हणाला होता, "मामा, ही कशाला?" मी म्हटलं, "अरे, तीस वर्षं तिचे ओठ वाचलेत मी. ती काय बोलणार ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक?"

आणि चाललं. काय सांगू तुम्हाला. शालनच्या छातीवर आम्ही बटणाएवढा स्पीकर लावलेला, त्या बटणातनं तिचा आवाज आला. जुना, तिचाच. "चालतंय," ती म्हणाली. मी चहाला विचारलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुवून आलो, दोनदा.

आम्ही ते एक्स्टेन्शनच्या दुकानात फुकट ठेवलं. दुकान म्हणजे ब्राउझरवाल्या कंपनीचंच, त्यांच्या दारातनं गेल्याशिवाय कुणाच्याच कॉम्प्युटरवर काही चढत नाही. वर्षभरात सहाशे बारा माणसं जोडली गेली. सगळी वाचा गेलेली. एक कीर्तनकार होते, एक शाळेच्या बाई, एक एसटीचा निवृत्त कंडक्टर.

मग एकोणचाळीसच्या मार्चमध्ये दुकानाचं पत्र आलं. 'आपले एक्स्टेन्शन गरजेपेक्षा जास्त परवानग्या मागते. चौदा दिवसांत दुरुस्ती करावी, अन्यथा सर्व वापरकर्त्यांकडून काढून टाकले जाईल.'

"कुठली जास्त?" मी विचारलं.

"ते सांगत न्हाईत मामा."

"मग दुरुस्त काय करायचं?"

"ते पण न्हाई सांगत."

नौशादनं विचारणा पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आपले एक्स्टेन्शन गरजेपेक्षा जास्त परवानग्या मागते.' तेच वाक्य, खाली नाव नाही, गाव नाही. माग बिघडला तर निदान आवाज तरी करतो. हे पत्र म्हणजे असला माग, की बंद पडलाय आणि म्हणतोय मी बंद पडलोय, ओळखा का ते.

आम्ही जॉबरची रीत धरली. एक एक भाग सोडवून बघायचा. नौशादला वाटलं, दुसरी परवानगीच नडत असणार, कारण दुकान तिचं नाव असं लिहितं की वाचून मलाच भीती वाटली: 'सर्व पानांवरील सर्व माहिती वाचणे.' ती काढली आणि नवीन प्रत पाठवली. तपासायला त्यांनी तीन दिवस घेतले. इकडं शालननं दवाखान्याच्या पानावर गोळ्या मागितल्या आणि बटणातनं आवाज आला, गोणपाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मगदूमकाका, गोणपाट कितीदा घ्यायचंय, जेवणाआधी का नंतर?" आम्ही हसलो. शालन नाही हसली. तिसऱ्या दिवशी पत्र आलं, नामंजूर, कारण तेच.

परवानगी परत जोडली. नऊ दिवस राहिले.

अर्जात एक चौकट असते, 'ही परवानगी का हवी, एका वाक्यात लिहा.' मी लिहिलेलं, 'माणूस कधी काय बोलंल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळंच लागतं.' नौशादनं कपाळाला हात लावला.

"मामा, हे असं खरं लिहितात होय? हे यंत्र वाचतंय. 'सगळंच' दिसलं की फेकतंय."

"मग काय लिहायचं?"

एक्स्टेन्शनवाल्यांचा एक ग्रुप असतो. देशभरातली माणसं, सगळी आमच्यासारखीच रडकुंडीला आलेली. तिथं पास झालेला मजकूर फिरतो. कुणाचा अर्ज निघाला की त्याच्या चौकटीतली वाक्यं सगळे उचलतात. का पास झाला ते त्यालाही ठाऊक नसतं, पण झाला ना, बास. मागावर कुणाची गाठ टिकली की सगळे तशीच गाठ मारतात, तसं. नौशादनं एका हैदराबादवाल्याचा मजकूर उचलला, चारी चौकटीत डकवला आणि पाठवला. घाईत नीट वाचला नाही. हैदराबादवाल्याचं एक्स्टेन्शन खरेदीच्या सवलती शोधायचं.

तीन दिवसांनी पत्र आलं. 'आपले एक्स्टेन्शन ग्राहकास साड्या व गृहोपयोगी वस्तूंवरील सवलत दाखवते असे आपण नमूद केले आहे. तपासणीत तसे आढळले नाही. ही अंतिम ताकीद.'

नौशाद खुर्चीत बसून राहिला. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोराचं तोंड पांढरं पडलेलं.

"मामी आता बोलायची बंद हुणार ती माज्यामुळं," तो म्हणाला.

"गप बस," मी म्हटलं. "उठ. फोन लाव कुठंतरी."

फोन लावायला नंबरच नव्हता. मी सगळं लिहून काढलं, माझ्या भाषेत. सहाशे बारा माणसं कोण, त्यांना काय झालंय, कुणाची बायको, कुणाचा बाप. पाठवून दिलं. काय होईल ते होईल.

दोन दिवसांनी उत्तर आलं, पहिल्यांदाच वेगळं. आमचं एक्स्टेन्शन म्हणे विशेष वर्गात घातलंय. ते राहील. पण प्रत्येक वापरणाऱ्यानं चार दिवसांत दुकानाच्या पानावर जाऊन एकेक परवानगी स्वतःच्या आवाजात द्यायची. पान परवानगी वाचून दाखवणार, माणसानं 'मंजूर' किंवा 'नामंजूर' म्हणायचं. जी मंजूर ती चालू. उत्तरच आलं नाही तर सगळं बंद, कायमचं.

मी नौशादच्या पाठीवर थाप मारली. तो हलला नाही.

"मामा, दुकानाच्या पानावर कुठलंच एक्स्टेन्शन चालत न्हाई. नियमच हाय. न्हाईतर एक्स्टेन्शन स्वतःच स्वतःला परवानगी देईल की."

"म्हणजे?"

"म्हणजे 'मंजूर' मामींनी म्हणायचं. तोंडानं. यंत्राशिवाय."

ज्याला बोलता येत नाही त्यानं बोलून सांगायचं, की मला बोलायला मदत पाहिजे. मी दोनदा विचारलं, मला चुकीचं कळलं का म्हणून. नव्हतं.

खोटेपणा सुचला, लपवत नाही. तिचे जुने मेसेज होतेच आमच्याकडं, तिच्या आवाजात कुठलाही शब्द काढता आला असता. नौशाद म्हणाला, पान गळपट्टी पण बघतं, आवाज आणि गळा जुळला नाही तर सगळ्या सहाशे बारा जणांचं जाईल. नसतं म्हटलं त्यानं तर मी केलं असतं.

मग आम्ही शिकवणी लावली. सकाळी आठला सुरू. स्वयंपाकघरात टेबलाच्या अलीकडं मी, पलीकडं शालन. पट्टी काढलेली.

"म्हण. मंजूर."

"म... म..."

"मं. जू. र."

"मा... मा... मावशी."

"मावशी नव्हं गं. मंजूर."

तिनं डोळे मिटले. डाव्या हाताची मूठ वळली. पहिल्या दिवशी बाराला ती रडली, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी 'मं' पक्कं झालं. पुढचं येईना. 'मं' म्हटल्यावर तोंड असं उघडं राहायचं, धोटा मधेच अडकल्यावर माग राहतो तसं.

त्या दुपारी कंडक्टरच्या पोराचा फोन आला. पेठवडगावचे, रणवरे.

"काका, आबांचं झालं."

"निघाला शब्द?"

"न्हाई. पान लावून बसवलं त्यास्नी. लई धडपडले. घामाघूम झाले. वेळ संपली आन पान मिटलं. आता परत उघडत न्हाई." मग म्हणाला, "काल माज्या पोरीला त्यांनी गोष्ट सांगितली हुती, काका. बटणातनं. आता ती आजोबाच्या म्होरं बसलीया, बोला म्हणतीया."

मी म्हटलं, बघतो. काय बघणार होतो, देवाला ठाऊक. असे त्या चार दिवसांत दोनशेच्या वर फोन आले.

तिसऱ्या दिवशी मी टेबलावर बोटांनी ताल धरला. मुद्दाम नव्हे, जीव कासावीस झाला की माझी बोटं चालतात. खट-खटाक, खट-खटाक, मागाचा ताल. शालननं माझ्या हाताकडं बघितलं. तिचा डावा हात पण टेबलावर पडायला लागला, त्याच तालात. तीस वर्षं कानात भरलेला आवाज तो, तो काही खचलेल्या रस्त्यानं येत नसावा. खट वर 'मं', खटाक वर 'जूर'.

"मं-जूर," शालन म्हणाली.

एकदम स्पष्ट. तिच्या तोंडातनं, बटणातनं नाही. आवाज जरा घोगरा, म्हातारा. वर्षभर बटणातनं तिचा जुना आवाज ऐकत होतो, मला हा ओळखूच आला नाही. संध्याकाळपर्यंत तिनं चाळीस वेळा तरी म्हटला. नौशादनं मिठाई आणली. मी म्हटलं, आत्ता नको, उद्या.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला पान लावलं. बाजूला नौशाद. मी शालनच्या समोर, तिला माझं तोंड दिसंल असा.

पान बोलायला लागलं. बाईचा आवाज, गोड, कुठल्याच गावचा नसलेला. "परवानगी पहिली. हे एक्स्टेन्शन आपल्या गळ्यातील संकेत वाचू इच्छिते."

शालनचा हात टेबलावर पडला. "मं-जूर."

हिरवी खूण आली.

"परवानगी दुसरी. हे एक्स्टेन्शन आपण उघडलेल्या पानांवरील माहिती वाचू इच्छिते."

"मं... मं-जूर."

"परवानगी तिसरी. हे एक्स्टेन्शन आपले जुने ध्वनिमुद्रित संदेश ऐकू इच्छिते."

ह्या वेळी शालनला जरा वेळ लागला. पानाच्या कोपऱ्यातला वेळेचा काटा अर्ध्यावर आला. "मं-जूर."

"परवानगी चौथी. हे एक्स्टेन्शन आपल्या घरातील इतर व्यक्तींच्या बोलण्यावरून आपले पुढील वाक्य तयार करू इच्छिते."

शालनचा हात उचलला आणि तसाच राहिला.

मला वाटलं दमली. मी ओठ हलवले, आवाज न करता, कारखान्यात हलवायचो तसे. मंजूर. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. मी परत हलवले. मंजूर, शालन, एवढं एकदाच. काटा पुढं चालला होता. नौशाद पुटपुटला, "मामी, म्हणा की."

तिनं हात खाली घेतला. ताल नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत बघून तिनं तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले.

"ना," ती म्हणाली.

"शालन."

"ना... मं... जूर."

पानानं लाल खूण केली. "धन्यवाद," म्हणालं. मिटलं.

नौशाद माझ्याकडं बघायला लागला. "चुकून झालं मामा. मामींना हो न्हाईचा घोळ हुतोच की, डॉक्टरीणबाई म्हणत हुत्या."

मी नाही म्हणून मान हलवली. तीन दिवस मी तिला एकच शब्द शिकवला होता. हा शिकवलाच नव्हता. हा तिनं एकटीनं कधी घोटला, कुठं घोटला, मी भाजी आणायला गेल्यावर का मी भिंतीकडं तोंड करून उभा असताना, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही.

दुपारी मी नौशादला म्हटलं, यंत्राची वर्षभराची नोंद काढ. बटणातनं गेलेलं प्रत्येक वाक्य आणि ते कुठल्या परवानगीवरनं बनलं ते. त्यानं काढून दिली आणि तो घरी गेला, थांबला नाही. मी वाचत बसलो. 'चालतंय' दोन हजारांच्या वर वेळा. चालतंय हा माझा शब्द. शालन बेचाळीस वर्षांत कधी चालतंय म्हणाली नव्हती, ती म्हणायची 'बघू'. 'तुम्ही म्हणाल तसं', चारशे वेळा. 'मला काय कळतंय', नव्वद. तिच्या गळ्यातनं बारीकसा झटका यायचा, एखादं 'ना', एखादं 'का', एखादं 'थां', आणि त्याच्यावर माझं वाक्य चढवून यंत्र तिच्या आवाजात मलाच ऐकवायचं. वर्षभरात तिनं मला एकदाही फटकारलं नव्हतं. मला वाटायचं, आजारानं मवाळ झाली.

एक्स्टेन्शन आता तीन परवानग्यांवर चालतं. म्हणजे रडतखडत चालतं. एक शब्द निघायला कधी पाच मिनिटं, कधी निघतच नाही. गप्पा संपल्या. सकाळी मी उठून काहीतरी बोलायचो आणि उत्तर यायचं, तेवढ्यावर माझा दिवस जायचा. ते सगळं गेलं. खोटं होतं, पण माझ्या घरात ते बोलत होतं. सहाशे बारापैकी दोनशे चौतीस जणांना एक शब्द काढता आला नाही म्हणून त्यांचं सगळंच गेलं, आणि त्यांत रणवरेंचे आबा. त्यांच्यासाठी मी अजून दर महिन्याला अर्ज करतो. अजून तेच उत्तर येतं. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी चारी मंजूर केल्या. त्यांच्या घरी कोण बोलतंय ते मी विचारत नाही.

त्या नामंजूरनंतर आठवड्यानं, सकाळी, मी तिच्या खाटेशेजारी बसलो होतो. तिच्या गळ्यात काहीतरी हललं. बटणात 'पं' आलं.

पंचांग, पंगत, पंप, माझ्या डोक्यात सगळे शब्द धावत आले. मी दात आवळून बसलो. दूध उतू गेल्याचा वास आला, मी उठलो नाही. तिची मान ताठ झालेली, डोळे मिटलेले.

"पंखा," बटण म्हणालं. मग कितीतरी वेळानं, "बंद."

वर पंखा फिरत होता. मला हवा लागते, मी बारा महिने चालू ठेवतो. रोज विचारायचो तिला, ठेवू ना गं चालू, आणि ती म्हणायची, चालतंय. अख्खा हिवाळा. ती डावा हात वर करून हलवायची, मी समजायचो, व्यायाम करतीय.

मी उठून पंखा बंद केला. कपाटातनं घोंगडं काढून तिच्या अंगावर घातलं, पायापर्यंत. तिचा गळा परत हलायला लागला होता. मी स्टूल ओढलं आणि बसलो.